सोळा घोड्यांची शर्यत

लेकीच्या रंगपेटीचं झाकण खाडकन पडलं आणि सकाळची शांतता मोडली. सोळा जॉकींच्या सदऱ्यांचे रंग आईने कागदावर उतरवून पाठ केले होते. धावणारा घोडा ओळखायचा तो त्यावरूनच. आज रेडिओवर शर्यतीचं तिचं पहिलंच समालोचन होतं. एक जरी नाव चुकलं, तर पुन्हा हवामानाच्या बातम्या वाचणं नशिबी.

संध्याकाळी सासऱ्यांनी तिला दारातच गाठलं. "सूनबाई, एकही नाव चुकली नाहीस. घोडे आपल्या सोफ्यावरूनच गेले असं वाटलं."

तिच्या जिवात जीव आला. लेक मात्र अजून रेडिओला कान लावून बसली होती, कुणाला तो बंद करू देईना.


"आई, पहिले तीन पोचले म्हणालीस आणि गप्पच झालीस. शेवटचा पोचला का गं?"