वीस वर्षांचा आराखडा

शेवटच्या तक्त्यापाशी आली की माणसं एक पाऊल मागे सरकत होती. आधीच्या तक्त्यांपुढे गर्दी होती, कोपराला कोपर लागत होतं, थट्टामस्करी चालली होती. इथे मात्र जो तो मथळा वाचायचा आणि घड्याळाकडे बघायचा, नाहीतर पलीकडे कुणी ओळखीचं दिसल्यासारखं करून निघून जायचा.

थोरली (थोरली लेक म्हणून घरात तिला हीच हाक होती) दाराजवळच्या टेबलामागून हे पाहत होती. गावाच्या आरोग्याचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा व्हायचा होता. त्यात काय घ्यायचं ते लोकांनीच ठरवावं, असा नगरपालिकेचा बेत होता. सभागृहाच्या भिंतीवर ओळीनं तक्ते लावले होते. एक पाण्याचा, एक हवेचा, एक शाळकरी मुलांच्या दातांचा, एक चालायच्या वाटांचा, आणि असेच आणखी. येणाऱ्या प्रत्येकाला पाच लाल टिकल्या मिळायच्या. जे महत्त्वाचं वाटेल त्यावर चिकटवायच्या. ज्या तक्त्यावर सगळ्यांत कमी टिकल्या, तो आराखड्यातून बाद.

थोरली नगरपालिकेतच नोकरीला होती; टिकल्या वाटायचं काम तिच्याकडे होतं. शेवटचा तक्ता तिच्याच हातचा होता. 'घरी शेवटचे दिवस काढणाऱ्यांसाठी वेदना कमी करणारी औषधं आणि रोज येणारी नर्स.' हा विषय नुसता भिंतीवर लागावा म्हणून ती ऑफिसात महिनाभर भांडली होती. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. आईचं कण्हणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून शेवटी शेवटी तिनं आणि बाबांनी भर उकाड्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या.

निवृत्त ड्रिल मास्तरांनी आपल्या पाचही टिकल्या चालायच्या वाटांवर लावल्या, सावधान म्हटल्यासारख्या एका रांगेत. मग शेवटच्या तक्त्याकडे बोट करून ते म्हणाले, "तिकडची आपल्याला अजून घाई नाही." सगळे हसले. थोरलीही हसली. कर्मचाऱ्यांनी लोकांच्या मतात ढवळाढवळ करायची नाही, असं बजावलेलं होतं.

बाबा आले ते चार वाजून गेल्यावर. शर्ट इस्त्रीचा होता, पण इस्त्री त्यांनी स्वतः केलेली. पाठीवरची चूण तशीच राहिली होती. थोरलीनं त्यांना टिकल्यांची पट्टी दिली, इतरांना देत होती तशीच. त्यांनी किती आहेत विचारलं. पाच, सगळ्यांना पाचच, ती म्हणाली.

हात मागे बांधून ते पहिल्या तक्त्यापासून निघाले. पेपर वाचावा तसा प्रत्येक तक्ता त्यांनी तळापर्यंत वाचला. दातांच्या तक्त्यापुढे मान डोलावली. शेवटच्यापाशी थांबले, ते इतका वेळ की चहावाल्या बाईला ट्रे घेऊन त्यांना वळसा घालावा लागला. मग ते भिंतीलगतच्या खुर्चीवर येऊन बसले. पट्टी हातात तशीच होती.

सभागृह रिकामं होत आलं तेव्हा थोरली चहा घेऊन त्यांच्याजवळ गेली. आपण विचारायचं नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं.

"बाबा, एकही लावली नाहीत?"

त्यांनी कप घेतला. पट्टी गुडघ्यावर ठेवून सरळ केली.

"तिथं लावायची म्हणजे तुझ्या आईचं ते सगळं टळण्यासारखं होतं, असं म्हणायचं," ते म्हणाले. "ते मला म्हणवत नाही."

महिनाभर ऑफिसात थोरली एवढंच सांगत आली होती, टळण्यासारखं असतं म्हणून. कधी आकडे दाखवून, कधी हात जोडून. घरी तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

तेवढ्यात आरोग्य विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई मोजणी करायला आल्या. पेन्सिलीच्या टोकानं त्या टिकल्या मोजत भिंतीच्या कडेकडेनं गेल्या. शेवटच्या तक्त्यावर पेन्सिल फार वेळ थांबली नाही. बाई मनानं वाईट नव्हत्या. परत येऊन त्यांनी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. वीस वर्षांनी नवा आराखडा होईलच की. तेव्हा घेऊ."

आणि त्या तक्त्याची चिकटपट्टी सोडवायला गेल्या.

"वीस वर्षांनी तुझं वय काय असेल?" बाबांनी विचारलं. बाजारातून येताना काय आणायचं हे विचारावं, तशा आवाजात.

थोरलीला हिशेब करावा लागला नाही.

"आईएवढं."

बाबांनी चहा तसाच खुर्चीखाली ठेवला आणि उठले. ते पोचले तेव्हा तक्त्याचा वरचा एक कोपरा सुटून खाली लोंबत होता. त्यांच्या हातातली पट्टी डॉक्टरीणबाईंना दिसली.

"काका, मोजणी झाली हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"असू द्या. जरा धरता का?"

बाईंनी सुटलेला कोपरा उचलून धरला. टिकल्या नखांना सापडत नव्हत्या. थोरलीचा हात पुढे झाला आणि तिथेच राहिला. बाबांनी एकेक सोडवली, एकेक लावली. शेवटची त्यांनी अंगठ्यानं दाबली आणि अंगठा उचललाच नाही. सुई काढल्यावर कापूस दाबून धरतात तसा तो धरून ठेवला. डॉक्टरीणबाई कोपरा धरून तशाच उभ्या राहिल्या.