टबातली जोडी

गॅलरीत टबापुढं उकिडवे बसलेले ईश्वरप्पा चहा थंड झाला तरी उठेनात. आंघोळीचा फुटका टब, त्यात गावाकडून पोत्यात भरून आणलेली काळी माती, आणि त्या मातीवर आज सकाळी हिरवे कोंब. नांदेडात, दुसऱ्या मजल्यावर, याहून मोठं रान कुठून आणायचं?

"मामा, आली की कोथिंबीर!" सून गीतांजली दारातूनच म्हणाली. आवाजात आनंद जरा जास्तच होता. "आता भुजंगकाकांना फोन करा. रविवारी येतो म्हणा."

फोनचीच तर सगळी अडचण होती. मुखेडकडच्या त्यांच्या गावात पेरणी आता ट्रॅक्टरनं होते, पण पेरणीयंत्राच्या पेटीत ज्वारीची पहिली मूठ टाकायला भावकीला अजून ईश्वरप्पाच लागतात. त्यांचा हातगुण तसा नावाजलेला. आणि यंदा त्यांनी चुलतभावाला, भुजंगला, साफ नाही म्हणून कळवलं होतं. "टबात धने टाकले, बारा दिवस झाले, एक उगवला न्हाई. हात गेला माझा. दुसऱ्याला बोलव." तेव्हापासून ते निम्मी भाकरी ताटात सोडून उठत. ज्या हातावर आयुष्य काढलं तोच फितूर झाला, तर घास गोड कसा लागणार?

खरं काय ते गीतांजलीला ठाऊक होतं. बरणीतले धने तिनंच काढून दिले होते, आणि येसूर मसाल्यासाठी ते आधी भाजूनही तिनंच ठेवले होते. आठवलं चार दिवसांनी, मसाला करायला बसल्यावर. ईश्वरप्पांचं नाक सर्दीनं चोंदलेलं, चष्मा दुरुस्तीला दिलेला. त्यांनी धने चपलेखाली रगडले आणि पेरून मोकळे झाले. पन्नास वर्षं पेरणी केलेल्या माणसाला भाजलेलं बी ओळखता आलं नाही, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? तिची जीभ रेटेना.

मग एके दिवशी ते दवाखान्यात गेलेले पाहून तिनं किराणा दुकानातून कच्चे धने आणले. लातूरच्या मास्तरांची ही लेक. मातीत हात घालायची पहिलीच वेळ. बोटानं खळगे करत तिनं एकेक धना आत खुपसला, वर पाणी शिंपडलं आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्यानं भाजी निवडायला बसली. त्याला आज दहा दिवस झाले होते.

"माझा चष्मा दे बरं," ईश्वरप्पा म्हणाले.

तिनं दिला. ते आणखी खाली वाकले.

"हे माझं न्हाई."

"असं कसं मामा? आपल्या टबात दुसरं कोण पेरणार?"

"मी धने रगडून टाकतो. एकाच्या दोन फाका होत्यात, दोन जागी पडत्यात. अन् हितं बघ. एका जागी दोन, ह्या जागी दोन. सगळे जोडीनं उगवलेत. हे अख्खे धने हायेत, माय. अन् रांग बघ कशी गेली, साप गेल्यावानी."

गीतांजलीनं मान खाली घातली. मग बरणीपासून किराणा दुकानापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. "चुकलं माझं, मामा. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

ईश्वरप्पांनी चष्मा काढून हातात धरला. खालच्या गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत की काय म्हणून ती पुढं झाली, तर ते हसत होते.

"म्हंजी बारा दिवस मी मसाल्याला पाणी घालून राहिलो!"

हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा धोंडा उतरला होता. त्यांनी उजवा हात पालथा करून पाहिला, उताणा करून पाहिला. हात जागेवर होता.

"आता तरी करा फोन," गीतांजली म्हणाली.

त्यांनी लावला. "भुजंग, येतो रे रविवारी. हाव, हात ठीक हाय. पर यंदा मी एकटा मूठ टाकणार न्हाई. सूनबाई येईल संगं. एक मूठ माझी, एक तिची."

"मामा, मला कुठं येतंय त्यातलं काही!" ती घाबरून कुजबुजली.

फोन कानावरून न काढता त्यांनी टबाकडं बोट केलं. "दुसऱ्याचा हात राखायला तू चोरून पेरलंस. असल्या हाताचं उगवंल न्हाई तर काय?"

पलीकडून भुजंग बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. आजवर एकाचीच मूठ पडत आलीय, दोघांची कशी चालेल, असंच काहीसं असावं. ईश्वरप्पांनी सगळं ऐकून घेतलं. बोटाच्या टोकानं एका जोडीवरचं मातीचं ढेकूळ अलगद बाजूला केलं.

"चालतंय," ते म्हणाले. "जोडीनं लई चांगलं उगवतंय. बघूनच बोलून राहिलो."