येतो

धुळ्याच्या रॉक कार्यक्रमाच्या दोन टेप लखीचंदकडे होत्या. तिथे गाऊन परतताना त्याचा धाकटा भाऊ गौतमचंद पारोळ्याजवळ ट्रकखाली गेला. आईला त्याचा आवाज एकदा स्वच्छ ऐकायचा होता. लखीचंदने ब्लेडने शिट्ट्या-टाळ्या कापल्या आणि दोन्हींतले चांगले तुकडे जोडले.

दोन्ही टेपांच्या शेवटी गौतमचंद "येतो" म्हणाला होता. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे आईनेच शिकवलेलं.

जोडलेली टेप संपत आली.

"आलो," गौतमचंद म्हणाला.

लखीचंदने ती मागे फिरवून पुन्हा लावली.

"आलो." या वेळी जवळून.

आई उठली. "कडी काढते रे. ताटकळेल बाहेर."

लखीचंदने भावाचं प्रेत ओळखलं होतं, ते फक्त मनगटावरच्या घड्याळावरून.

"आई, काढू नको."

बाहेरून कडी वाजली.