गेटापासून पायऱ्यांपर्यंत

"कान सोड आणि समोर बघ," आजोबा म्हणाले.

खांद्यावर बसलेल्या नातीने एक कान सोडला. दुसरा धरून ठेवला. पडायची वेळ आली तर हाताशी काहीतरी हवं. ती साडेचार वर्षांची होती आणि एका जागी टिकत नसल्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत.

"काय दिसतंय?"

"टकलं."

"टकलांच्या पुढे?"

"पोलीस. गेट. पायऱ्या."

"बास. गेटातून तो चालत येणार, पायऱ्या चढणार आणि आत जाऊन शपथ घेणार. आपल्याला तेवढंच दिसणार. नीट बघून ठेव. म्हातारी झालीस की नातवंडांना सांगशील."

"आणि तू कुणाला सांगणार?"

"मी आजीला."

हे काम जोखमीचं होतं. आजीचा पाय प्लास्टरमध्ये होता. टीव्हीवर सोहळा दाखवणार नव्हते; टीव्हीवाल्यांना त्यासाठी नव्या सरकारची परवानगी हवी होती आणि नव्या सरकारचा शपथविधी अजून व्हायचा होता. सकाळी निघताना आजीने पलंगावरूनच बजावलं होतं, "जन्मभर बुटांच्या बातम्या आणल्यात. आज माणसाचं तोंड बघून या. नाहीतर मी जेवायला वाढायला उठणार नाही."

"तशीही तू उठतेस कुठे?"

"पाय बरा झाल्यावरही उठणार नाही."

बुटांचं असं होतं. आधीचे राज्यकर्ते, ज्यांना सगळे थोरले म्हणत, रस्त्याने जाऊ लागले की लोकांनी मान खाली घालायची असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून सगळ्यांना पाठ होता. ज्यांनी मान वर केली त्यांची पुढे कुणी चौकशी केली नाही. चौकशी करायची तर मान वर करावी लागते. आजोबा धंद्याने शिंपी. थोरल्यांच्या पँटीची मोहरी किती इंच, हे ते झोपेतसुद्धा सांगू शकत. पँटीच्या वर काय आहे ते मात्र भिंतीवरच्या फोटोवरून समजून घ्यायचं. फोटोतल्या थोरल्यांचं वय वाढत नसे.

मग एके दिवशी थोरले विमानात बसून हवापालटाला गेले आणि तिकडची हवा त्यांना मानवली. निवडणूक झाली. निवडून आला तो भूगोलाचा मास्तर, परवापर्यंत बसच्या रांगेत उभा राहणारा. आजोबांनी ठरवलं, या माणसाच्या तोंडाकडे बघायचं. आठवडाभर त्यांनी आरशासमोर मान वर ठेवायचा सराव केला. भिंगरीला सरावाची गरज नव्हती. थोरल्यांची स्वारी निघाली की सूनबाई तिला घरात कोंडून ठेवायच्या, त्यामुळे तिचं हे शिक्षण राहूनच गेलं होतं.

"काका, आज मी त्याच्या डोळ्यांत बघणार," शेजारी उभा असलेला बेकरीवाला म्हणाला. "बघू, काय करतो ते."

"काही करणार नाही. तो आपलाच आहे."

"तेच म्हणतो मी. पण तुम्ही आधी बघा."

तेवढ्यात गेट उघडलं आणि बँड वाजू लागला. नवी चाल अजून मंजूर व्हायची होती, म्हणून त्यांनी जुनीच लावली. ढोलावर पहिली टिपरी पडली आणि अख्ख्या चौकाच्या माना एकदम खाली गेल्या.

आजोबांचीही गेली. त्यांनी मानेला समजावलं, दम दिला, शेवटी हात जोडले. मान ऐकेना. सोडलेला कान भिंगरीने घाबरून परत पकडला. फरशीवरून काळे बूट जवळ आले, समोरून गेले, पुढे सरकले. पँट रेडिमेड होती; मोहरी उसवून बोटभर लांब केलेली, आणि शिलाई अगदीच कच्ची. बँड थांबला. मान सुटली. आजोबांनी वर पाहिलं तेव्हा पायऱ्यांवरचं मोठं दार बंद होत होतं.

मग बेकरीवाल्याने घसा साफ केला.

"काय तेज आहे हो चेहऱ्यावर."

"आणि उंची," मागून एक जण म्हणाला.

"उंच? मला तर बुटका वाटला."

"मिश्या शोभतात पण."

"मिश्या आहेत?"

"नाहीत का?" मिश्यांचं बोललेला सावध झाला. "तुम्ही काय पाहिलंत, काका?"

"मोहरी," आजोबा म्हणाले. दोघा-तिघांनी माना डोलावल्या, मग एकमेकांकडे बघायचं टाळत सगळे पांगले.

परतीच्या वाटेवर आजोबांनी दोनदा भिंगरीला विचारायचं मनात आणलं आणि दोनदा ते गिळलं. घरी आल्यावर पलंगापाशी खुर्ची ओढून ते बसले.

आजीने नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "राहू द्या," ती म्हणाली. "बुटाचा रंग तेवढा सांगू नका."

मग तिने भिंगरीला जवळ ओढलं. "तू पाहिलंस ना गं?"

"हो."

"शाब्बास. घरात एक तरी आहे. सांग बरं."

भिंगरी प्लास्टरवर चढून बसली. "खूप माणसं होती. सगळ्यांचं काहीतरी खाली पडलं होतं. सगळे शोधत होते. आजोबापण."

आजोबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"ते राहू दे," आजी म्हणाली. "तो कसा होता? गेटातून चालत आला तो?"

"त्याचंपण पडलं होतं," भिंगरी म्हणाली. "तोपण खालीच बघत होता."