फिकट अबोली

"पिस्ता रंग नको गं, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं," वृषाली आईच्या कानाशी कुरकुरली. तिचा भाऊ हेमंत खिडकीच्या उजेडात रंगांचं शेड कार्ड धरून उभा होता. तो म्हणाला, "पांढराही नको. घर घेणाऱ्याकडे लहान मुलं असली तर?"

कुमुदबाई पलंगावर बसून मुलांचं ऐकत होत्या. घर विकायचं ठरल्याला महिना झाला होता. विकल्यानंतर आईनं कुणाकडे राहायचं, हा विषय मात्र दोघंही काढत नव्हती. गिऱ्हाइकाचा अजून पत्ता नव्हता, पण त्याला सकाळचं ऊन कुठं आवडेल, त्याचे म्हातारे आईवडील कुठल्या खोलीत झोपतील, सगळ्याचा विचार करून झाला होता. त्या न पाहिलेल्या माणसाचा कुमुदबाईंना थोडा हेवाच वाटला.

पेंटरनं भिंतीवर चार रंगांचे पट्टे ओढले आणि मागे वळून विचारलं, "आजी, तुम्हाला कुठला आवडला?"

"तिला काय विचारता? तिला थोडंच इथं राहायचंय," हेमंत बोलून गेला. वृषालीनं त्याच्या हातातलं कार्ड घेतलं आणि उगाच चाळत बसली.

कुमुदबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फिकट अबोलीच्या पट्ट्याला त्यांनी बोट लावून पाहिलं. ओला रंग बोटाला लागला, तो पुसला नाही.

"हा छान आहे," त्या म्हणाल्या. "पण इथं नको, माझ्या खोलीला द्या. ती खोली तुमच्यापैकी कुणाच्या घरात आहे, तेवढं आधी सांगा."