तीन नकाशांतलं उलवे

चारुताबाईंनी पनवेलच्या शाळेत फळ्यावर रायगडचे तीन नकाशे लावले: माती, झाडी आणि लोकसंख्येची घनता. खारट मातीत खारफुटी वाढते, शेती होत नाही, म्हणून वस्ती विरळ, असं त्यांनी समजावलं. उरणच्या कोळ्यांची प्रांजल उलव्यावर बोट ठेवून गोंधळली. “बाई, इथं माती खारट, खारफुटीपण हाय. मग माणसं एवढी दाट कशी?” बाईही गोंधळल्या. साल पाहिलं, तर झाडीचा नकाशा जुना, टॉवर उठण्याआधीचा निघाला. त्या स्वतः उलव्यातच बाराव्या मजल्यावर राहत होत्या, पण त्यांच्या इमारतीच्या जागी आधी नेमकं काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. “आमची आजी तिथं चिखलात निवटे मासे धरायची,” प्रांजल म्हणाली. “नेमकं कुठे? विचारून ये.” “तिला नाय सांगता येणार. रविवारी बाबांनी तिला तिथं नेलं. ती टॉवरांमधून नुसती फिरत राहिली. मग म्हणाली, भलत्याच गावात आणलंस, घरी चल.”