चाकांच्या दोन खुर्च्या

"हात करा, हात करा! ती निळ्या टोपीवाली इकडंच बघतेय," पोस्टमन म्हणाले.

शिवणबाईंनी हात केला. निळ्या टोपीवाली गोड हसली, पाच बोटं दाखवली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि निघून गेली.

"पाच मिनिटं म्हणाली."

"मघाचा पण पाचच म्हणाला होता," शिवणबाई म्हणाल्या. "इथं पाचाच्या पुढं कुणाला मोजता येत नाही वाटतं."

विमान बदलायला मधल्या विमानतळावर उतरल्यावर खुर्चीवाल्यानं दोघांना चाकांच्या खुर्च्यांत घातलं, या खांबाला आणून शेजारी शेजारी लावलं, हातानं 'बसा' अशी खूण केली आणि तो गेला तो गेलाच. ओळख खांबापाशीच झाली: ते निवृत्त पोस्टमन, या मुलींना शिवण शिकवणाऱ्या बाई. दोघांचं पुढचं विमान एकच निघालं, भाषाही एकच. तेवढाच आधार.

विमानतळ असला अवाढव्य, की या टोकाला चहा घेऊन निघालेल्या माणसाला त्या टोकाला पोचेपर्यंत जेवायची वेळ व्हावी. आत आगगाडी होती, धबधबा होता, झाडं होती. खुर्ची ढकलणारा माणूस मात्र औषधाला नव्हता.

शिवणबाईंच्या धाकट्या बहिणीचं उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं. "ताई, तू डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय मी आत जायची नाही," असं ती फोनवर म्हणाली होती. आजचं हे विमान गेलं तर पुढचं उद्या दुपारी.

"काळजी करू नका," पोस्टमन म्हणाले. "विमानतळांचं काही खरं नसतं. एका गावी तर धावपट्टी भर रस्त्याला आडवी जाते. विमान आलं की फाटक पडतं. सायकलवाले, भाजीवाले, सगळे थांबतात."

"काहीतरीच!"

"आणि एका बेटावर विमान थेट समुद्राच्या वाळूत उतरतं. भरती आली की धावपट्टी गायब. पाणी ओसरेपर्यंत बसा शिंपले वेचत."

शिवणबाईंना हसू आलं आणि लगेच विरलं. समोरच्या फलकावर त्यांच्या विमानापुढचा आकडा बदलला होता. मघापर्यंत गेट इथलंच, हाकेच्या अंतरावरचं होतं. आता ते पार दुसऱ्या टोकाचं झालं.

"अहो, हे काय?"

"गेट बदललं," पोस्टमन हळूच म्हणाले. "आयुष्यभर दारोदार हिंडलो, ताई. आणि आता हे असं बसून राहायचं नशिबी आलं." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि मान खाली घातली.

शिवणबाईंनी आपली पावलं साडीखाली ओढून घेतली. कारण त्यांचे स्वतःचे पाय ठणठणीत होते. खुर्ची भाच्यानं सांगितली होती. "मावशी, तुला तिथली भाषा येत नाही, चुकशील. खुर्ची घेतलीस की एका विमानातून दुसऱ्यात आपोआप जाशील. फक्त उठू नकोस हं. चालताना दिसलीस की खुर्ची काढून घेतात."

उठावं आणि धावत सुटावं, असं त्यांना दहा वेळा वाटलं. पण शेजारी हा पायांनी अधू माणूस. त्याच्यासमोर टुणकन उठायचं? आणि त्याला इथं एकट्याला टाकून जायचं? त्या बसून राहिल्या. धाकटी डोळ्यांपुढून हलेना.

फलकावर त्यांच्या विमानापुढं लाल अक्षरं लुकलुकू लागली.

शिवणबाई उठल्या.

पोस्टमन आ वासून बघतच राहिले. "ताई, तुम्ही..."

"मागाहून काय ते बोला. आधी घट्ट धरून बसा."

त्यांनी पोस्टमनच्या खुर्चीला मागून रेटा दिला. खुर्ची ढिम्म. पुन्हा दिला. फरशी पुसणाऱ्या बाईनं लांबूनच दांडा दाबायची खूण केली. हे असलं ब्रेकचं लचांड! दांडा दाबला तशी खुर्ची सुटली.

"ताई, ऐका तरी. तुम्ही व्हा पुढं. मला सोडा."

"सोडते कशी? शिवणाच्या वर्गातली एक पोरगी मागं राहिली तरी मी दिवा मालवला नाही कधी."

"अहो, पण मला..."

"गप्प बसा हो! दम लागतो बोलून."

पोस्टमन अंगानं चांगलेच भरलेले. धबधबा गेला, अत्तरांची दुकानं गेली, सरकत्या पट्ट्यावर खुर्ची घेऊन जायला बंदी म्हणून शेजारून पायी. एक चाक सारखं डावीकडं ओढत होतं. खांद्यांत कळा येत होत्या. लोक मोबाइलमधून मान वर काढून बघत आणि पुन्हा घालत. पोस्टमननी आणखी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा शिवणबाईंनी ते बंद केलं.

गेट दिसलं. गेटवरचा माणूस दार ओढून घेत होता.

"थांबा! अहो, थांबा!"

दार लागलं. काचेपलीकडं विमान उभंच होतं, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ. शिवणबाईंनी त्या माणसापुढं हात जोडले, छातीवर हात ठेवून ऑपरेशन सांगितलं, बहीण सांगितली. त्यानं दाराकडं बोट दाखवलं आणि खेदानं मान हलवली. एकदा लागलेलं दार त्याला उघडता येत नव्हतं.

विमान हळूहळू मागं सरकलं. शिवणबाई काचेला कपाळ टेकून उभ्या राहिल्या.

"ताई," मागून पोस्टमनचा आवाज आला. अगदी खांद्यापाशी.

त्या वळल्या. पोस्टमन त्यांच्या शेजारी दोन्ही पायांवर ताठ उभे होते आणि रिकामी खुर्ची त्यांच्याकडं वळवत होते.

"बसा. दमलात. परत जाताना मी ढकलतो."